ठरलेल्या दिवसापर्यंत चोख

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, दूरदूरहून आलेले शल्यविशारद, अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि विद्यार्थिमित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. शरीरात बसवायचे आणि काम संपल्यावर आपोआप विरघळणारे सेन्सर हा विषय कुणा एका शाखेला पेलणारा नाही, म्हणून आज सभागृहातली ही सरमिसळ पाहून मला विशेष आनंद होतो.

डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या मेंदूवरचा दाब मोजण्यासाठी आजही कवटीला छिद्र पाडून आत तार किंवा नळी घालावी लागते. ती असेपर्यंत जंतुसंसर्गाची धास्ती. इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली उंदरांच्या मेंदूवर हा दाब विरघळणाऱ्या सेन्सरने मोजून दाखवला. त्यातला सिलिकॉनचा अतिपातळ पापुद्रा शरीरद्रवात हळूहळू विरतो, त्याचे सिलिसिक आम्ल होते आणि शरीर ते बाहेर टाकते. सोबतचे बहुलक तर विरघळणाऱ्या टाक्यांमुळे आपल्या शस्त्रक्रियागृहांत केव्हाचे रुळले आहे.

मला त्याहून जवळचा वाटतो तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने २०२४ मध्ये मांडलेला प्रयोग. पोटाच्या शस्त्रक्रियेत आतड्याच्या जोडाजवळ जेलचा एक तुकडा ठेवायचा; त्यात धातूच्या बारीक, विरघळणाऱ्या चकत्या. जोड गळू लागला की भोवतालची आम्लता बदलते, जेलचा आकार बदलतो, चकत्यांमधले अंतर बदलते आणि ते सोनोग्राफीत दिसते. ना बॅटरी, ना तार. जोड गळतो आहे हे ताप चढल्यावर कळले, तर बहुधा उशीर झालेला असतो, हे इथल्या प्रत्येक सर्जनला ठाऊक आहे. आणि सोनोग्राफीचे यंत्र आज तालुक्याच्या गावीही असते. हे काम अजून प्राण्यांवरचे आहे, तरी आपल्या रुग्णांसाठी हीच वाट मला अधिक भरवशाची वाटते.

विरघळणे हा यातला सोपा भाग, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी आत झिरपले की आकडे सरकू लागतात. आवरण जाड करावे तर अवशेष कित्येक महिने रेंगाळतात. ठरलेल्या दिवसापर्यंत चोख मोजायचे आणि मग मुकाट निघून जायचे, इथे खरी कसोटी आहे.

ती आपल्याला पेलेल. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० मध्ये रुग्णाला बसवली गेली. बहुलकांच्या संशोधनात नावाजलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तर याच शहरात, पाषाणला आहे.

निवास-भोजनाची व्यवस्था आमच्या स्वयंसेवकांनी मनापासून केली आहे. काही उणे वाटल्यास हक्काने सांगा. एक विनंती मात्र जरूर ऐका. यशस्वी प्रयोगांबरोबर तुमचा सेन्सर कोणत्या दिवशी, कशामुळे चुकीचे आकडे देऊ लागला, त्या नोंदीही या व्यासपीठावर मांडा.