बिनडोक्याची गिटार

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, निकालांची टक्केवारी वाचून दाखवावी आणि देणगीदारांचे ऋण व्यक्त करावे, असा संकेत आहे. इतिहास स्मरणिकेत आलाच आहे, टक्केवारी फलकावर लिहिली आहे आणि आभार सचिव मानणार आहेत. म्हणून माझ्या वाट्याची पंधरा मिनिटे मी एका वाद्यासाठी मागून घेते. चित्रकलेच्या वर्गात मांडलेल्या प्रदर्शनात, खिडकीजवळच्या टेबलावर ते ठेवले आहे. ते आपल्याच एका विद्यार्थ्याने बीरगांवात, दोन खोल्यांच्या घरात बनवले. त्याच्यासंबंधी मला एक कबुली द्यायची आहे.

हा मुलगा दहावीत असताना मी त्या वर्गाला मराठी शिकवीत असे. एकदा निबंधाच्या वह्या तपासताना त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर आकड्यांची लांबच लांब रांग दिसली : ४८.४७, ४५.७५, ४३.१८… शेजारी पट्टीने आखलेली लांबट आकृती. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध मात्र सव्वा पानात आटोपलेला. मी लाल शाईने शेरा लिहिला, ‘हे बिनडोक्याचे उद्योग बंद करावेत.’ दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि अत्यंत निरागसपणे म्हणाला, ‘‘बाई, ती बिनडोक्याची आहे हे तुम्हांला कसं कळलं?’’

वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी पालकांना बोलावणे पाठवले. तो खरोखरच बिनडोक्याच्या गिटारीचा आराखडा काढत होता, हे मला पुष्कळ उशिरा समजले. ज्या बेस गिटारला वरच्या टोकाचे डोके नसते, तिला इंग्रजीत ‘हेडलेस’ म्हणतात. आजीला समजावे म्हणून त्याने घरी तिचे मराठीत भाषांतर केले होते. भाषांतर अचूक होते, हे भाषेच्या शिक्षिकेने मान्य केलेच पाहिजे.

वडील आले. ते उरला औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर. भंडारा जिल्ह्यातून पोटासाठी इकडे आलेले. खुर्ची देऊनही बसले नाहीत. सगळे ऐकून घेतल्यावर एवढेच म्हणाले, ‘‘मॅडम, माझ्या हाताला लोखंडाचा वास आहे. साबणानं जात नाही. त्याच्या हाताला तो येऊ नये, इतकीच माझी इच्छा आहे.’’ मी त्यांना धीर दिला आणि वाद्याचे खूळ त्याच्या डोक्यातून काढण्याचे आम्ही दोघांनी ठरवले. ते निघाले नाही. दहावीला त्याला गुण बेताचेच पडले, हेही येथे सांगितले पाहिजे. नाहीतर ही गोष्ट खोटी होईल.

आता त्या आकड्यांविषयी. सतारीला असतात तसे गिटारीलाही पडदे असतात, पण ते सरकवता येत नाहीत; दांडीत खाच पाडून कायमचे ठोकलेले असतात. म्हणजे पडद्याची जागा चुकली, तर वाद्य जन्मभर बेसूर. सप्तकाचे बारा समान भाग करायचे, तर तारेच्या उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचे आणि येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा बसवायचा. त्याची तार ८६३.६ मिलिमीटरची, म्हणजे ३४ इंचांची होती. लिओ फेंडर यांनी १९५१ साली आपल्या बेस गिटारसाठी घेतलेले हेच माप पुढे रूढ झाले. म्हणून पहिला पडदा ४८.४७ वर. मी ज्यावर लाल रेघ मारली, तो हा आकडा.

त्याच्या आधी त्याने सोपे म्हणून १८ ने भागून पाहिले होते. आमच्या गणिताच्या सरांनी त्याला विचारले, ‘‘बारावा पडदा तारेच्या बरोबर अर्ध्यावर येतो का, ते बघितलंस?’’ येत नव्हता. ३ मिलिमीटर अलीकडे पडत होता. गंमत अशी की, १८ चा हा नियम साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या माणसाचा आहे. इटलीतील संगीतज्ञ विंचेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात ल्यूट या वाद्याच्या पडद्यांसाठी तो सांगितला. त्यांचाच मुलगा पुढे दुर्बीण आकाशाकडे वळवणारा गॅलिलिओ. आणि बिनडोक्याच्या बेस गिटारला १९८० च्या सुमारास प्रसिद्धी मिळवून देणारे अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर हे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणारे जॅक स्टाइनबर्गर यांचे चिरंजीव. एका घरात बाप संगीताच्या क्षेत्रातला आणि मुलगा शास्त्रज्ञ, दुसऱ्यात बाप शास्त्रज्ञ आणि मुलगा वाद्यांचा रचनाकार. नेड हे मुळात लाकडी सामानाचे रचनाकार. नेहमीच्या बेस गिटारचे डोके आणि त्यावरच्या चार जड खुंट्या यांच्या भाराने तिची मान सारखी खाली झुकते, हे पाहून त्यांनी डोकेच काढून टाकले आणि तारा पिळण्याची व्यवस्था खालच्या टोकाला, घोडीमागे नेली.

आपल्या मुलाचे कारण इतके थोर नव्हते. आजीच्या जुन्या घराची सागवानी चौकट मोडीत निघाली होती. तिचा खालचा भाग वाळवीने खाल्लेला. निरोगी, सरळ लाकूड निघाले ते जेमतेम मीटरभर. डोके असलेली बेस गिटार त्यात मावत नव्हती, बिनडोक्याची मावत होती. शिवाय ते लाकूड कित्येक उन्हाळे-पावसाळे खाऊन मुरलेले होते, आणि आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा वैशाख व त्यामागोमागचा ओला आषाढ पाहता लाकूड मुरलेले असणे हेच अर्धे काम. बारावी झाल्यावर त्याने रंधा हातात घेतला. चौकटीचा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवला, त्याला दोन्ही बाजूंनी फळ्या चिकटवल्या, वर शिसमाची पट्टी बसवली. पहिला सांधा आठवड्यात उकलला. सागवानात अंगचे तेल असते, त्यावर सरस धरत नाही. चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. हे त्याला एका म्हाताऱ्या सुताराने सांगितले, तेही दुसरा सांधा उकलल्यावर.

आणि मग काम अडले. चार जाड तारा मिळून दांडीवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो. तो सोसायला दांडीच्या पोटात पोलादी सळई हवी, आणि खाली तारा ओढायला नाजूक यंत्रणा हवी. परदेशी बनावटीची ती यंत्रणा विकत घेण्याची ऐपत नव्हती. दोन महिने ते लाकूड पलंगाखाली पडून होते.

एका रविवारी वडिलांनी न बोलता कागद मागितला. लाकडाचा हिशेब सुतात होतो. लेथवरचा हिशेब थाऊत होतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. पुढचे पाच रविवार ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी पितळी कांबीतून चार सरकत्या ठोकळ्या कातल्या. तारेचा मणी ठोकळीत अडकतो आणि मागचा स्क्रू फिरवला की ठोकळी मागे सरकते. स्क्रूचे आटे असे, की एका पूर्ण फेऱ्यात तार ०.७ मिलिमीटर ताणली जाते. वरच्या टोकाला कान पिळायला खुंट्याच नाहीत. तेथे तार फक्त घट्ट आवळलेली. (कान पिळण्याची सोय नसलेले वाद्य आम्हा शिक्षकांना थोडे अडचणीचेच वाटणार.) दांडीतली सळईही त्यांनीच घडवली. तारा, पडद्यांची तार आणि पिकअप एवढेच बाहेरून आले. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्यावर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे ध्वनिवर्धकातून आवाज होऊन येते.

मुलाने निरोप धाडला म्हणून मी त्यांच्या घरी गेले. तार लावण्याचे काम चालू होते. वडील खाली बसून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत होते आणि मुलगा डोळे मिटून ‘‘अजून, बाबा… अजून थोडं… थांबा’’ असे सांगत होता. ज्या हाताचा वास मुलाला लागू नये म्हणून ते माझ्यासमोर उभे राहिले होते, तोच हात मुलाच्या कानाच्या हुकमाने चालला होता. मी दारातच थांबले. माझ्या शेऱ्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

पुढे एकदा कोल्हापूरकडे जाताना मी मुद्दाम मिरजेत उतरले. मिरजेची सतार आणि तंबोरा सर्वश्रुत आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती वाद्ये घडवणाऱ्या घराण्यांचे मूळ पुरुष शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे, हे मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. पंढरपूरकडचा भोपळा, तुनीचे लाकूड, आणि पोलादाला सरावलेला हात. तेथे एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा कानस. मोजपट्टी कुठेच नव्हती. पाहताना मला सारखी आपली बीरगांवातली ती खोली दिसत होती. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहत आणि स्वतःच्या तंबोऱ्यांची दुरुस्ती स्वतः करत. गाणे हलके आणि हत्यार जड, असा भेद त्या गावाने मानलेला दिसत नाही. आपल्या शाळेत मात्र कार्यानुभवाचा तास गणिताला देण्याची प्रथा आहे. ती मीच चालू ठेवली.

तो मुलगा आता दिवसा उरल्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढतो आणि लग्नसराईत वाद्यवृंदात वाजवतो. दुसरी गिटार बनवली का, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘‘बाई, लाकूड शोधतोय.’’ पहिलीत दोष आहेत. पहिल्या पावसाळ्यात दांडी किंचित वाकली, ती सळई फिरवून सरळ करावी लागली. एका पडद्यावर तार अजून खरखरते.

प्रदर्शनात वाद्याशेजारी त्याने ती निबंधाची वहीही मांडली आहे, मागचे पान उघडे ठेवून. मांडणी करताना त्याने मला हळूच विचारले, ‘‘बाई, तो शेरा कागदाने झाकू का?’’ मी म्हटले, राहू दे.

भोजनापूर्वी सर्वांनी अवश्य पाहून घ्यावे. वाद्य हातात घेतल्यावर तुमचा हात सवयीने वर खुंट्या शोधायला जाईल, तेथे काही सापडणार नाही. त्याचे वडील टेबलापाशी बसले आहेत. ते खालचे स्क्रू दाखवतील.