कोणत्याच तासाला न येणारे शब्द

(चितेगाव येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)



पावसाळ्यात पैठण तालुक्यात वर्तमानपत्र उघडले की नजर आधी जायकवाडीच्या आकड्यावर जाते. आवक, विसर्ग, जिवंत साठा हे शब्द आपल्याकडे पारावरही ऐकू येतात. धरणाची एकूण साठवण २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला जिवंत, म्हणजे एरवी वापरता येणारा साठा २१७१. टक्केवारी सांगतात ती या जिवंत साठ्याची. म्हणून बातमीत 'शून्य टक्के' आले, तरी ७३८ दलघमी मृत साठा धरणात असू शकतो. हे ठाऊक नसलेला मुलगा ती ओळ घडाघडा वाचेल आणि धरण कोरडे पडले असे समजेल.

आठवी-नववीचे वाचन नेमके इथे अडते. २०२३च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. त्यांच्यासाठी वाचनाचा पाया पुन्हा घालावा लागेल. मी आज बोलतो आहे ते उरलेल्या तीन हिश्श्यांबद्दल, ज्यांना वाचता येते असे आपण धरून चालतो.

दोष आपण जड परिभाषेला देतो. पण 'प्रकाशसंश्लेषण' या शब्दाला वाली आहे. विज्ञानाचे सर व्याख्या लिहून देतात, आकृती काढतात, परीक्षेत विचारतात. 'अनुक्रमे', 'निकष', 'सापेक्ष', 'अन्यथा', 'परस्पर' यांना कोण विचारतो? ते सगळ्याच पुस्तकांत असतात, म्हणून कोणाच्याच तासाला शिकवले जात नाहीत. शाब्दिक उदाहरणात 'अनुक्रमे' कळले नाही, की बेरीज-गुणाकार पक्के असलेल्या मुलीचेही गणित चुकते. आणि आपण म्हणतो, तिचे गणित कच्चे आहे.

काही शब्द तासागणिक अर्थ बदलतात. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीची कार्ये असतात, जीवशास्त्रात पेशीच्या अंगकांची. भौतिकशास्त्रात मात्र पोते डोक्यावर घेऊन तासभर जागेवर उभ्या राहिलेल्या हमालाचे कार्य शून्य ठरते, कारण विस्थापन नाही. ज्याचे वडील हमाली करतात, त्याला ते वाक्य खोटेच वाटणार. 'इथे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे' एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

नुसते शब्द घडवून भागत नाही, हे निजामाच्या हैदराबाद राज्यात असताना मराठवाड्याने पाहिले आहे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले. तिथल्या दार-उल-तर्जुमा या भाषांतर-संस्थेने शास्त्रांची परिभाषा घडवली. मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या विकासासाठीच्या संस्थेचे काम चालवले. ते काम मोठेच होते. पण ज्याच्या घरी मराठी, त्या मुलाचा त्या शब्दांशी संबंध वर्गाच्या दारापर्यंतच. आज सेमी-इंग्रजीच्या वर्गात तोच पेच दुसऱ्या रूपात आहे: तासाला 'रेशो' शिकायचा आणि घरी 'गुणोत्तर' म्हणणाऱ्या ताईला अडचण विचारायची. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला एक मिनिटही लागत नाही.

कोणाच्याच तासाला न येणाऱ्या अशा शब्दांवर उपाय म्हणून अमेरिकेत बॉस्टनच्या शाळांसाठी शिक्षणतज्ज्ञ कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ड जनरेशन' नावाचा उपक्रम आखला. आठवड्याला पाच शब्द आणि मुलांना वाद घालावासा वाटेल असा एक प्रश्न. तेच शब्द भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राचे शिक्षक आपापल्या तासाला थोडा वेळ वापरतात. शेवटी मुले चर्चा करतात आणि आपले मत लिहितात. भर पाठांतरावर नाही, वापरावर आहे.

आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. 'वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा निकष काय असावा?' हा एक प्रश्न घ्या. भूगोलाला खोरे मिळते, गणिताला प्रमाण, नागरिकशास्त्राला समन्यायी वाटप आणि मराठीला युक्तिवाद.

तेव्हा जूनमध्ये शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत सर्व विषयांचे मिळून पाच शब्द ठरवा. वेगळा तास नको, वेगळी वही नको, शब्दार्थांची चाचणी तर नकोच. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एवढेच बघा, की न सांगता किती मुलांनी ते शब्द स्वतःच्या वाक्यात आणि योग्य जागी वापरले. ती संख्या वाढली, तर मराठीच्या बाईंइतकेच श्रेय गणिताच्या सरांचेही असेल.