सूर धरणारी माणसे
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाचे काम पुरे झाले की गावाची नजर आधी कळसाकडे जाते. मग गाभारा पाहिला जातो, सभामंडपाच्या खांबांवरून हात फिरवला जातो, दीपमाळेचे कौतुक होते. महाद्वारावरच्या नगारखान्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. खरे पाहता देवळात पाऊल टाकण्यापूर्वी भाविकाला पहिली ओळख होते ती नगारखान्याची. दगडमातीचे दर्शन उजाडल्यावर घडते. चौघड्याचे दर्शन अंधारातच, अंथरुणात पडल्या पडल्या कानाला घडते.

या नगारखान्यात बसणारी माणसे किती? फार तर चार किंवा पाच. एक मुख्य सनईवाला. त्याच्या शेजारी दुसरा सनईवाला, म्हणजे साथीदार. तिसरा सूर धरणारा. आणि नगारा, चौघडा किंवा संबळ वाजवणारा. कुणी या जमावाला ताफा म्हणतात, कुणी नुसते वाजंत्री म्हणतात. घडशी, गुरव, मातंग अशा अनेक समाजांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पहाटे देवापुढे, दुपारी लग्नाच्या मांडवात, संध्याकाळी पालखीपुढे, हा त्यांचा दिनक्रम. जत्रांच्या दिवसांत गाव बदलत, वाट बदलत, पण माणसे तीच. एका घोंगडीवर निजायचे, एका भाकरीचे चार तुकडे करायचे आणि मिळालेली बिदागी वाटून घ्यायची.

या चौघांतला तिसरा माणूस नीट ओळखला पाहिजे. त्याच्या हातातले वाद्य दिसते सनईसारखेच, पण सनईप्रमाणे बोटे फिरवून त्यातून सरगम काढायची नसते. त्यातून एकच सूर निघतो. त्या वाद्याचे नावच मुळी सूर. मुख्य सनईवाला राग फुलवतो, तान घेतो, मध्ये थांबून ओठ पुसतो, चंचीतले पान काढतो. सूर धरणाऱ्याला थांबता येत नाही. तो गालांत हवा साठवतो, ती हवा वाद्यात सोडता सोडता नाकाने नवा श्वास आत घेतो आणि सुराला खंड पडू देत नाही. तासभर, दोन तास हेच. ऐकणारा त्याला वाहवा देत नाही, कारण तो काही वेगळे करीत नाही. पण तो क्षणभर थांबला तर मुख्य सनईची सारी शोभा उघड्यावर पडते. भिंतीवाचून चित्र टांगावे तशी गत होते.

सनई हे मुळात नाठाळ वाद्य. शिसवीसारख्या लाकडाची निमुळती नळी, खाली धातूचा कर्णा, वरच्या टोकाला दोन पातळ पात्यांची पत्ती. पत्ती ओली राहिली पाहिजे; सुकली की सूर फाटतो. पेटीला सुरांच्या पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. सनईला नुसती भोके. अर्धे भोक झाकून, ओठांचा दाब कमीजास्त करून, श्वास आवरून मधले सूर काढावे लागतात. असे वाद्य आधाराच्या अखंड सुरावाचून वाजवणे म्हणजे काठी नसता आंधळ्याने घाट चढणे. म्हणून सनईवाला एकटा कधी नसतो. तो ताफ्याचा असतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणून ज्यांचे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे अशा एका वाजंत्र्याचेच चरित्र पाहावे. ते म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ.

बिहारातल्या डुमराँव या छोट्या संस्थानी गावात २१ मार्च १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. घराण्यात सनईची परंपरा होती. वाडवडील डुमराँवच्या दरबारी नौबत वाजवीत. लहान वयातच त्यांना काशीला मामांकडे आणले गेले. मामा अलीबक्ष विलायतु हे काशीविश्वनाथाच्या देवळाशी जोडलेले सनईवादक. भाच्याची शाळा भरली ती गंगेच्या घाटावर, बालाजीच्या देवळात. मुसलमान घरातला हा मुलगा देवळाच्या नौबतखान्यात बसून रियाझ करी, आणि ना देवळाला त्यात काही वावगे वाटले, ना घराला. सोबत थोरला भाऊ शमसुद्दीन. दोघे एकाच गुरूजवळ शिकले आणि पुढे जोडीने वाजवू लागले.

१९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत त्यांची सनई गाजली आणि लोकांच्या ध्यानात आले, की दारात वाजणाऱ्या या वाद्याला घरात, बैठकीवर बसण्याचा अधिकार आहे. पुढे लखनौच्या आकाशवाणीने ते सूर घरोघर पोचवले. १९४७ साली स्वातंत्र्याच्या सोहळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी तिथेच त्यांनी काफी वाजवला. देशाच्या एवढ्या मोठ्या मंगल कार्याला वाजंत्री म्हणून मान मिळाला तो एका देवळातल्या वाजंत्र्याला.

त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, की त्यांवर नुसते बिस्मिल्ला असे नाव नसे. पुढे दोन शब्द असत : "आणि पार्टी". हे दोन शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून सहज निसटतात. पण त्या दोन शब्दांत सारा ताफा बसलेला असतो. साथीची सनई त्यात आहे, सूर त्यात आहे, दुक्कड नावाची लहान तबल्यासारखी जोडी त्यात आहे. शमसुद्दीन लवकर गेले आणि जोडीतली एक जागा रिकामी झाली. पण ताफा मोडला नाही. पुढे घरातलीच माणसे त्या जागांवर आली. मुलगे नय्यर हुसेन सनईवर बसले, नाझिम हुसेन तबल्यावर. एका मोठ्या कुटुंबाचा संसार त्या एका सनईवर चालत होता, आणि ती सनई त्या कुटुंबावर.

महाराष्ट्राचाही त्यांच्या सुरांशी संबंध आला. १९५९ साली 'गूँज उठी शहनाई' हा चित्रपट निघाला. त्याचे संगीत आपल्या कोकणातल्या, कुडाळ भागातल्या वसंत देसाई यांचे, आणि त्यातली सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची. व्हायोलिनवादक पंडित वि. गो. जोग यांच्याबरोबर त्यांची जुगलबंदी तर रसिकांच्या चांगल्या परिचयाची आहे. एक मराठी ब्राह्मण व्हायोलिनवर, एक काशीचा मुसलमान सनईवर. दोघांपैकी कोण पुढे, कोण मागे, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. एक थांबतो तेव्हा दुसरा त्याच्यासाठी जागा धरून ठेवतो. मैत्री म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

मानसन्मान पुष्कळ आले. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण असे एकेक करीत २००१ साली भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला. तरी राहणी होती तशीच राहिली. भारतरत्न मिळाल्यावरही ते फाटकी लुंगी नेसून लोकांना भेटत, तेव्हा एका शिष्येने त्यांना हटकले. त्यावर त्यांनी समजावले ते असे, की किताब सनईला मिळाला आहे, लुंगीला नव्हे. लुंगी आज फाटली तर उद्या शिवता येईल, देवाने सूर तेवढा फाटका देऊ नये. अमेरिकेत येऊन राहण्याचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी उलट विचारले, की तिथे गंगा कशी आणाल, असेही सांगतात. काशीबाहेर वाजवायला बसले की विश्वनाथाच्या आणि बालाजीच्या दिशेला तोंड करून ते क्षणभर सनई लावीत. मोहरमच्या दिवसांत सनई बंद. फक्त आठव्या दिवशी दालमंडीपासून फातमानपर्यंत पायी चालत, डोळ्यांतून पाणी गाळीत, शोकाचे सूर काढीत. २१ ऑगस्ट २००६ रोजी ते गेले. दफनाच्या वेळी त्यांची सनई त्यांच्याबरोबर ठेवली गेली.

या चरित्रातून घेण्यासारखी गोष्ट कोणती? मोठेपण एका माणसाच्या नावावर जमा होते, पण ते उभे राहते अनेकांच्या श्वासावर. बिस्मिल्ला खाँ मोठे होते यात शंका नाही. पण देवळाने मामांना जागा दिली नसती, मामांनी भाच्याला पदरात घेतले नसते, भाऊ शेजारी बसला नसता, सूर धरणाऱ्याने जन्मभर एकच सूर धरला नसता, तर त्या मोठेपणाला टेकायला भिंत कुठून मिळाली असती?

गावोगावच्या ताफ्यांना भारतरत्न मिळत नाही. त्यांच्या तबकड्या निघत नाहीत, तेव्हा "आणि पार्टी" हे दोन शब्दही त्यांच्या वाट्याला येत नाहीत. लग्नपत्रिकेत आहेर आणणाऱ्यांपासून अक्षता वाटणाऱ्यांपर्यंत सर्वांचा उल्लेख येईल, वाजंत्र्यांचा येणार नाही. देवळाच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे रकमेसह कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने चाळीस वर्षे पहाटेच्या थंडीत ओठ फुटेतोवर देवाला जागे केले, त्याची देणगी कोणत्या रकमेत मोजायची? पाटीवर त्याला जागा का नसावी?

आणि एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. या माणसांचे सूर गावाला हवे होते, पण माणसे पुष्कळदा दाराबाहेर ठेवली गेली. वाजवायला नगारखान्यात, जेवायला सर्वांच्या शेवटी, बसायला पंगतीपासून दूर. देवाच्या जवळ सर्वांत आधी पोचणारा आवाज ज्यांचा, त्यांनाच देवापासून लांब उभे केले गेले. जीर्णोद्धार म्हणजे पडझड झालेले पुन्हा उभे करणे. भिंतीची पडझड दिसते म्हणून ती दुरुस्त होते. ही पडझड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती तशीच राहून जाते.

आता तर ताफेच मोडत चालले आहेत. ध्वनिक्षेपक आला आणि एक बटन दाबले की कोणत्याही प्रहरी सनई वाजू लागली. त्यात गैर काही नाही. दूरच्या थोर वादकाचे सूर खेड्यात ऐकू येतात हे भाग्यच आहे. पण त्या सुराला पहाट झाली हे कळत नाही. पालखी वळणावर अडकली, गर्दी झाली, तर लय सावकाश करावी हे त्याला समजत नाही. नवरी माहेर सोडताना रडू लागली तर क्षणभर थांबावे हे त्याला उमजत नाही. हे समजणारी माणसे होती, आणि ती एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून ते करीत असत.

ताफा मोडतो तो मुख्य सनईवाला गेल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा आधी सूर धरणारा जातो. म्हातारपणाने छाती साथ देत नाही, किंवा पोटापाण्यासाठी तो शहराची वाट धरतो. त्याची जागा घ्यायला मुलगा मिळत नाही, कारण एकच सूर धरण्यात कुणाला मान दिसत नाही. मग मुख्य सनईवाला काही दिवस एकटा वाजवतो, त्याला गोडी वाटेनाशी होते, आणि एके दिवशी सनई खुंटीला अडकवली जाते. बाहेरच्यांना वाटते, कला संपली. कला संपत नाही. सोबत संपते.

यावर उपाय गावाच्या हातात आहे आणि तो खर्चाचाही नाही. देवस्थानाच्या अंदाजपत्रकात दिवाबत्ती आणि नैवेद्य यांच्यासाठी तरतूद असते, तशीच ताफ्याच्या चारही माणसांसाठी वर्षाची ठराविक तरतूद असावी. ती दक्षिणा म्हणून उपकाराने नव्हे, मानाने द्यावी. नगारखान्याच्या दारावर आजवर तिथे वाजवून गेलेल्यांची नावे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, लिहून ठेवावीत. आणि त्यांत सूर धरणाऱ्याचे नाव गाळू नये. उत्सवाच्या पंगतीत ताफ्याचे पान पहिल्या रांगेत मांडावे. आणि गावातल्या कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला हौस असेल तर त्याला म्हाताऱ्या वादकाच्या शेजारी बसू द्यावे. सुरुवातीला त्याच्या हाती सूर द्यावा. दुसऱ्याच्या गाण्यासाठी आपला श्वास कसा टिकवायचा, हे तो आधी शिकेल. ते ज्याला आले त्याला सनई पुढे येतेच, आणि समजा नाही आली, तरी गावाला एक चांगला माणूस मिळतो.

नगारखाना पैशाने बांधता येतो, आणि गावाने एकजुटीने मनावर घेतले तर वर्षा-दोन वर्षांत बांधून होतो. त्यात बसणारी चार माणसे घडायला मात्र वीस वर्षे लागतात. आजचे दहा-बारा वर्षांचे पोर सुराला बसले, तर तेवढ्या काळात ते तिथे ताठ बसून पहाटेचा भैरव वाजवू लागेल. त्या पहाटे जे जागे होतील त्यांनी एक करावे : सनई कोण वाजवतो हे विचारून झाल्यावर, सूर कोण धरतो हेही विचारावे.