व्यसनमुक्ती : चोरीच्या मुळावर उपचार



सप्तव्यसनांत मद्यपान आणि चोरी यांची गणना एकत्र होते, ती सार्थ आहे. तलफेला पैसा लागतो. तो संपला की प्रथम घरातील वस्तू नाहीशा होतात, पुढे परक्यांच्या. शिक्षा भोगून माणूस सुटतो, तलफ तशीच राहते.

हे जाणूनच १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आले. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनाधीनाने स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभारले, तेही व्यसनाधीनाला रुग्ण मानून.

नागपूरकर कुटुंबांनी लोकलज्जेस्तव मुलाचे व्यसन झाकू नये. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. पहिल्या चोरीपूर्वी झालेला उपचार दोन घरे वाचवितो.

जय जिनेंद्र!