वातावरणाचे निमंत्रण
(नसरापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यास येताना आपणांपैकी पुष्कळांनी वाट वाकडी करून बनेश्वराचे दर्शन घेतले असेल. तेथे येण्याविषयी कोणी कोणास पत्रिका धाडीत नाही. तरी माणसे येतात. आपण पत्रिका धाडतो, पुन्हा आठवण देतो. तरी सभागृहाच्या मागच्या रांगा रिकाम्या राहतात. असे का व्हावे, याचा विचार आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

हे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविले. भोवती दाट झाडी, जवळच शिवगंगेचे पाणी, आवारात कुंडे आणि उन्हातून आलेल्यास सुखविणारा दगडाचा गारवा. आलेला मनुष्य घटकाभर बसतो, ते तेथे कोणी त्यास 'आपण कोण, कोठले?' असे विचारीत नाही म्हणून. तेथील घंटेवर १६८३ हे साल व क्रूस आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाची ती घंटा असे सांगतात. जी एकदा ख्रिस्ती भाविकांस बोलावी, ती आज शिवभक्तांस बोलाविते. नाद ऐकणाऱ्याचे कूळ पाहत नाही.

आता आपले सभागृह पाहा. दाराशीच वर्गणीची वही; पुढे मान्यवरांच्या खुर्च्या; भगिनी एका बाजूस; आणि तरुणांनी ऐकावयाचे, बोलावयाचे नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या ज्ञातीचा गोतावळा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही भरू लागला. तेथे दार नाही, खुर्ची नाही. तरीही वातावरण आहेच. एखाद्या मुलीने शिष्यवृत्तीविषयी प्रश्न घातला, आणि उत्तराऐवजी 'कोणाची ग तू?' असा प्रतिप्रश्न आला, तर ती पुन्हा लिहील काय?

याहून कठीण प्रश्न विचारतो. ज्ञातीबाहेर विवाह केलेली आपली कन्या उद्या पतीसह या दारात उभी राहिली, तर नियमांत तिला मज्जाव नाही. पण एकाएकी थांबलेले बोलणे आणि वळलेल्या माना तिला जे सांगतील, ते कोणत्याही नियमापेक्षा स्पष्ट असेल. मनुष्य घटना वाचून येत नाही, आणि घटना वाचून जातही नाही. तो उंबरठ्यावरच्या नजरा वाचतो.

यास्तव आमची विनंती थोडकी आहे. वर्गणीची वही आत न्यावी. दाराशी पाण्याचा तांब्या ठेवावा व एका वडीलधाऱ्या जोडप्याने उभे राहावे. आसने गोलाकार मांडावी. पहिले भाषण सर्वांत धाकट्याचे असावे. पडद्यावरील प्रश्नास त्याच दिवशी उत्तर द्यावे. यास खर्च नाही, ठरावही नको.

पूर्वजांनी झाडे राखली, म्हणून आपणांस सावली मिळते. सभागृहातील सावली मात्र आपणांसच राखावी लागेल. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.