परवाना देतो कोण?



कविता नंतर. आधी कागदाबद्दल बोलतो. कारण समोर बसलेल्यांतले निम्मे काम शोधतायत, आणि काम शोधणाऱ्याच्या खिशात पहिला हात घालतो तो क्लासवाला.

‘सहा महिन्यांत नर्स व्हा.’ वस्तीवस्तीत भिंती रंगवल्यात. आपली पोरगी आईच्या कानातलं मोडून फी भरते. रंगीत सर्टिफिकेट मिळतं. दवाखान्यात गेली की विचारतात, कौन्सिलचा नंबर? तो नाही, तर कायद्याने ती नर्स नाही. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. तोही कौन्सिलने मान्य केलेल्या संस्थेतच. मग हिला ठेवतात आया म्हणून. काम नर्सचं, पगार आयाचा. क्लासवाला मात्र नवी भिंत रंगवतो.

तेव्हा फी भरण्याआधी विचारायचं: या कामाला कायद्याने परवाना लागतो का? लागतो, तर देतो कोण? क्लास शिकवील, परवाना देणार नाही. वायरमनचा परवाना सरकारचं अनुज्ञापक मंडळ देतं, वकिलाची सनद बार कौन्सिल, गाडीचं लायसन आरटीओ. अटी तिथंच जाऊन वाचा. पिवळ्या पाटीची गाडी चालवायला आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. अजून कोणी एजंट आठवीच्या दाखल्याचे पैसे मागत असेल, तर तो साला तुमचं अडाणीपण विकत घेतोय.

कोणी म्हणेल, परवाना म्हणजे नवी वर्णव्यवस्थाच. शंबूकाचं मुंडकं गेलं ते परवान्याशिवाय तप केलं म्हणूनच ना? खरंय. पण तो परवाना आईच्या पोटात ठरत होता. हा परीक्षा देऊन हिसकावून घेता येतो. बाबासाहेब १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात उभे राहिले ते सनद घेऊनच.

आणि नोंदणी गरिबाची ढालही असते, हे गोदीत कळतं. पूर्वी मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाही तर गेटावरूनच घरी. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराची नोंदणी आली. जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे आले. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आला. माझा पास ठेकेदाराच्या नावावर आहे. ठेका संपला की मी गोदीत परका. जुन्या बिल्लेवाल्याला मुकादम दचकून असायचा, मला कोण दचकतो? म्हणून हमाली करणाऱ्यांनी माथाडी मंडळात आपलं नाव चढतं का, ते आधी बघा.

एका कामाला मात्र कोणी कागद विचारत नाही. गटारात उतरायला. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी उतरवतात आणि माणसं मरतात. तिथं आडनाव हेच लायसन.

ज्यांच्या घरात असली रंगीत सर्टिफिकेटं पडलीत, त्यांनी रविवारी ती घेऊन या. फीची पावतीही आणा. आधी कौन्सिलात जाऊ, मग क्लासवाल्याकडे.