चाकांवरील हत्यारपेटी

सुतार आपल्या कामास बसतो तो जमिनीवर. पायांनीं फळी धरून तो रंधा चालवितो, आणि पटाशी, कानस, हातोडा, गुण्या हीं त्याचीं हत्यारें त्याच्याभोवतीं अशा बेतानें मांडलेलीं असतात कीं, हात लांब केला म्हणजे पाहिजे तें हत्यार हातीं यावें. त्याला उठावें लागत नाहीं, कारण काम लहान असून तें त्याच्यापाशीं येतें. परंतु जेथें काम जागचें हलत नाहीं आणि कारागिरालाच त्याच्याभोवतीं फिरावें लागतें, तेथें हा थाट उपयोगी पडत नाहीं. मोटारगाडी हें अशा कामाचें ठळक उदाहरण होय. एका टोकास यंत्र, दुसऱ्या टोकास सामानाचा कप्पा आणि चार कोपऱ्यांस चार चाकें. भिंतीशीं ठेवलेल्या पेटींतून एक पान्हा आणावयाचा, तो लहान निघाला म्हणून परत जावयाचें, दुसरा आणावा तों पहिला कोठें ठेवला तें आठवत नाहीं; असा अर्धा दिवस कामांत न जातां येरझाऱ्यांत जातो. हत्यारांची पेटीच चाकांवर बसवून कामापाशीं न्यावी, हा त्यावरील सरळ उपाय आहे.

ही फिरती पेटी कारखान्यांत तर असतेच. पण ती घरोघर पोंचली आहे ती अमेरिकेंत. तेथील उपनगरांत स्वतंत्र घर म्हटलें कीं त्याला लागून मोटारखाना बहुधा आलाच; त्याला तिकडे ‘गराज’ म्हणतात. एक किंवा दोन गाड्या मावतील एवढी ही खोली पुष्कळ घरीं गाडीपेक्षां इतर वस्तूंनींच भरलेली दिसते. एका भिंतीस भक्कम टेबल, त्यावर शेगडा, वर खिळ्यांस टांगलेल्या करवती, असा घरधन्याचा लहानसा कारखाना तेथें थाटलेला असतो. पालो आल्टो येथील ज्या गराजमध्यें विल्यम ह्यूलेट व डेव्हिड पॅकर्ड यांनीं १९३८-३९ सालीं आपल्या विद्युत्-उपकरणांच्या उद्योगास आरंभ केला, तें गराज आज ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेलें आहे. बहुतेक गराजांच्या नशिबीं अर्थात् असली कीर्ति नसते. तेथें गाडीचें तेल बदललें जातें, गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्यास धार लागते, मुलांच्या सायकली दुरुस्त होतात. त्या देशांत मिस्त्रीच्या तासाची मजुरी इतकी भारी असते कीं, ज्यानें पुण्यास असतांना कधीं पान्हा हातीं धरला नाहीं असा मराठी गृहस्थहि न्यू जर्सींत घर केल्यावर ब्रेक बदलावयास शिकतो. हातास काळें लागण्याची लाज सुटते, हा त्यांतला नफा वेगळाच.

पेटीला चाकें लागण्यापूर्वींचा इतिहासहि थोडा पाहण्यासारखा आहे. यंत्रकामगाराची जुनी पेटी लांकडी असे. आंत मखमलीसारखें कापड लावलेले उथळ खण, आणि वर हातांत धरावयाची मूठ. ओहायो संस्थानांतील डेटन गांवीं १९०६ सालीं स्थापन झालेली गर्स्टनर मंडळी अशा पेट्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पुढें १९२० सालीं मिल्वॉकी येथें जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनीं एक साधी युक्ति बाजारांत आणली. तोंवर मूठ आणि पान्हा सहसा एकसंध असत. यांनीं नटावर बसणारी टोपी, म्हणजे सॉकेट, निराळी केली व मूठ निराळी केली. पांच मुठी आणि दहा टोप्या घेतल्या कीं पन्नास पान्ह्यांचें काम होतें, असा त्यांचा हिशेब होता, व तो गणितानें बिनचूक आहे. ‘स्नॅप-ऑन’ हें नांव या खटक्यानें बसणाऱ्या टोप्यांवरूनच पडलें. मात्र मुठी कमी झाल्या तरी टोप्या वाढत गेल्या. इंचांच्या मापाच्या वेगळ्या, मिलिमीटरच्या वेगळ्या, आंखूड वेगळ्या, लांब वेगळ्या. इतक्या बारीक वस्तु एका खोल पेटींत टाकणें म्हणजे त्या गमावणें होय. त्यांना रुंद, उथळ आणि पुष्कळ खण पाहिजेत; आणि असे खण पोलादी पत्र्याचे करून भरले म्हणजे ती पेटी हातानें उचलण्याच्या पलीकडे जाते. मग चाकांवांचून गत्यंतर नाहीं.

अशी गाडी विकत घेणारा मनुष्य बहुधा रंग पाहतो, खण मोजतो आणि कुलूप फिरवून बघतो. चाकांकडे तो वळतच नाहीं. आणि पुढें पस्तावतो तो चाकांमुळेंच. लहान व्यासाचें चाक फरशीच्या फटींत किंवा जमिनीवर पडलेल्या एखाद्या वायसरवर अडतें. मोठें चाक तेंच सहज ओलांडतें. पांच इंच व्यासाचें चाक घरगुती कामास चांगलें. अगदीं कठीण चाक हलकें चालतें, पण खडखडाट फार करतें. मऊ रबराचें चाक मुकाट्यानें चालतें, पण भरली गाडी महिनोन् महिने एकाच जागीं उभी राहिली तर तें खालून चपटें होतें. या दोहोंच्या मधलें म्हणून पॉलियुरेथेनचें चाक पसंत करावें. दोन चाकें सरळ जाणारीं व दोन चोहोंकडे वळणारीं असावींत, आणि वळणाऱ्या चाकांना पायानें दाबावयाचे खटके असावेत. गाडी ढकलावी ती वळणाऱ्या चाकांच्या बाजूनें, आणि ढकलावी, ओढूं नये. ओढतांना पाठीवर ताण पडतो, आणि टांचेवर गाडी येते ती निराळीच.

चाकांवर किती भार घालावा याचा हिशेब शाळेंतला मुलगाहि करील, परंतु त्यांत एक खोंच आहे. समजा, गाडी ६० किलो आणि हत्यारें १२० किलो, एकूण १८० किलो. चार चाकांत वांटले तर प्रत्येकीं ४५ किलो. हें उत्तर कागदावर बरोबर आणि जमिनीवर चूक! कारण जमीन क्वचितच सपाट असते. चौपाई डुगडुगते तेव्हां ती तीन पायांवरच उभी असते. म्हणून भाजक चार न धरतां तीन धरतात, आणि प्रत्येक चाक ६० किलोंचें घेतात.

यापेक्षां गंभीर गोष्ट कलंडण्याची. खण मिटलेले असतांना गाडी डोंगरासारखी स्थिर वाटते, आणि त्या भरंवशावरच मनुष्य फसतो. गाडीचीं पुढचीं दोन चाकें ही तराजूची दांडी टेकण्याची जागा समजावी. सांगाडा ४० किलोंचा आहे आणि खालीं मोठा खण नसून वरच प्रत्येकीं १५ किलोंचे तीन खण आहेत, असें धरूं. एक खण पूर्ण बाहेर ओढला तर पुढें १५ आणि मागें ७० किलो, धोका नाहीं. तिन्ही एकदम ओढले तर पुढें ४५ आणि मागें अवघे ४०. दोहोंचीं अंतरें सारखीं धरलीं तर पारडें पुढेंच झुकणार, आणि खालीं पाय असेल तर पायावर. छर्ऱ्यांच्या पट्ट्यांवर चालणारे आजचे खण पूर्णपणें बाहेर येतात, हा त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो. कलंडण्याच्या बाबतींत तोच दोष ठरतो. म्हणून एक खण उघडा असतां दुसरा उघडूंच नये अशी कळ कांहीं गाड्यांत बसविलेली असते. ती नसेल तर शिस्त ठेवावी लागते, आणि जड वस्तु, म्हणजे घण, भोंकें पाडण्याचें यंत्र, लोखंडी पक्कडी, सर्वांत खालच्या खणांत ठेवाव्या लागतात.

मुलांना तर उघडे खण म्हणजे पायऱ्याच. कपड्यांच्या खणांचीं कपाटें अंगावर पडून मुलें दगावल्यामुळें अमेरिकेंत २०२२ सालीं अशा कपाटांच्या स्थिरतेविषयीं कायदा करण्यांत आला. पण तो कपड्यांच्या कपाटांपुरता आहे. हत्यारांच्या गाडीची जबाबदारी घरधन्यावरच राहते. काम नसतांना कुलूप लावून किल्ली उंच खुंटीस अडकवावी. गराजच्या जमिनीस दाराकडे थोडा उतार असतो, कारण आंत आलेलें पाणी बाहेर वाहून गेलें पाहिजे. तेव्हां खटके न लावतां सोडलेली भरली गाडी त्या उतारावरून आपण होऊन रस्त्याकडे निघते, आणि ती वाटेंत कोणाची मुलाहिजा ठेवीत नाहीं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत पसरते. म्हणूनच ठिणगी पाडूं शकणारीं उपकरणें गराजमध्यें जमिनीपासून १८ इंच उंच असावींत असा अमेरिकेंतील इमारत-नियमांचा सामान्य दंडक आहे. आतां हत्यारांच्या कांहीं गाड्यांना विजेच्या जोडण्याहि बसवून मिळतात. त्या गाडीच्या वरच्या अंगास असतील असें पाहावें. आणि पेट्रोलचें काम चाललें असतां तर गाडीची वीजच काढून ठेवावी.

आंतली मांडणी मात्र ज्याची त्यानें ठरवावयाची. अनुभवी लोक हत्यारें आकारानें न लावतां उपयोगाच्या वारंवारतेनें लावतात: रोज लागणारें कमरेच्या उंचीवर, महिन्यांतून एकदां लागणारें तळाशीं. साठी ओलांडलेल्या गृहस्थास या नियमाची किंमत लगेच कळते, कारण दिवसांतून चाळीस वेळां वांकणें आणि चार वेळां वांकणें यांतला फरक त्याची कंबर मोजीत असते. खणांत मऊ जाड फोम घालून त्यांत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कापण्याची रीत फार चांगली. विमानांच्या दुरुस्तींत ती कसोशीनें पाळतात, कारण यंत्रांत विसरलेला एक पान्हा सर्व प्रवाशांच्या जिवावर बेतूं शकतो. रिकामा खळगा दिसला कीं विमान सोडण्यापूर्वीं त्या हत्याराचा शोध घेतात. घरीं इतका जीवनमरणाचा प्रश्न नसतो. तरी दहा मिलिमीटरची टोपी हरवण्याचें दुःख ज्यानें भोगलें आहे त्याला त्या रिकाम्या खळग्याचें मोल सांगावयास नको. नेमकी तीच कशी हरवते हें कोडें तिकडील हौशी मिस्त्रींच्या थट्टेचा कायमचा विषय आहे. उत्तर साधें आहे: अनेक मोटारींत ती सर्वांत अधिक लागते, म्हणून सर्वांत अधिक वेळां हातांतून खालीं ठेवली जाते.

महाराष्ट्रांत असली गाडी घ्यावी काय? बंगल्यास स्वतंत्र मोटारखाना असेल आणि हौस खरी असेल तर अवश्य घ्यावी. परंतु अमेरिकेंतील गुळगुळीत कॉंक्रीट गृहीत धरून केलेलीं चाकें शहाबादी फरशीच्या सांध्यांत रुततात, हें अगोदर जाणून असावें. इमारतीखालच्या खांबांमधल्या सामाईक जागेंत गाडी उभी करणाऱ्यानें मोठ्या पेटीचा मोह धरूं नये. तीन खणांची लहान गाडी, जी उद्वाहकांतून वर घरीं नेतां येईल, तीच बरी. लोहाराकडून लोखंडी कोनांचा सांगाडा करवून त्याला चांगलीं चाकें लावलीं तरीहि काम भागतें. खर्च करावयाचा तो चाकांवर करावा, रंगावर नको. कोंकणांत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने पोलादाचे वैरी असतात. ज्येष्ठांत एकदां सर्व खण रिकामे करून प्रत्येक हत्यारावर तेलाचें बोट फिरवावें, खणांत कापराच्या वड्या ठेवाव्या, आणि गाडी भिंतीपासून वीतभर दूर उभी करावी, म्हणजे भिंतीची ओल पत्र्यास लागत नाहीं.